२३१ दिवसांनी रीबूट केलं, तेच चुकलं

घरातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून मी त्याला सर्व्हर म्हणतो. काम काय, तर घरातल्यांच्या फोनमधले फोटो ओढून डिस्कवर ठेवायचे. त्यासाठी मीच एक छोटा पायथन प्रोग्रॅम लिहिलाय आणि तो सिस्टमडीची (लिनक्समध्ये मागची कामं सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस म्हणून मागे गुपचूप चालतो. म्हणजे चालायचा. परवापर्यंत अपटाइम, म्हणजे रीबूट न करता सलग चालू राहिल्याचा काळ, २३१ दिवस होता आणि लोक पोरांचे मार्क सांगतात तसा मी तो आकडा विषय नसताना सांगायचो. मग कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, अपडेट आलं, म्हटलं रीबूट मारून टाकू, दोन मिनिटांचं काम. रात्रीचे नऊ वाजले होते.

मशीन वर आलं. सर्व्हिस नाही आली.

पहिला संशय नेहमीचाच, एनेबल करायचं राहिलं असणार. स्टार्ट म्हणजे आत्तापुरतं, एनेबल म्हणजे पुढच्या बूटलाही, हे मी दुसऱ्यांना इतक्यांदा समजावलंय की स्वतः विसरलो असेन याची जवळजवळ खात्रीच होती. बघितलं तर एनेबल्ड. सर्व्हिसची तब्येत सांगणारं सिस्टमसीटीएल स्टेटस मारलं तर लाल टिंब आणि खाली 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली'. म्हणजे बाईसाहेब पाच वेळा उठायला गेल्या, पाचही वेळा पडल्या, आता उठणार नाहीत. आपण वेगळं काही सांगितलं नसेल तर सिस्टमडीचा हिशोबच तसा आहे, १० सेकंदांत ५ वेळा स्टार्ट, मग बास. आणि पडल्यावर परत उठवायच्या आधी किती थांबायचं? १०० मिलिसेकंद! मी खुर्ची ओढून बसेपर्यंत तिचं सगळं करून, हरून, रुसून झालेलं.

पण पडली कशाने ते काही कळेना. स्टेटस शेवटच्या १० ओळीच दाखवतो आणि त्या दहाही ओळींत सिस्टमडीच बोलत होता, परत लावतोय, परत लावतोय, नाही लागत. जिला दुखतंय तिचा आवाजच नाही.

मग प्रोग्रॅम हाताने चालवला, सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या नावाने. मस्त चालला! लगेच एक फोटोसुद्धा आला. डॉक्टरकडे पोचल्यावर दात दुखायचा थांबतो ना, अगदी तसं. सर्व्हिस म्हणून लावली की आडवी, हाताने चालवलं की टुणटुणीत, आणि या मधल्या फटीत माझे पुढचे दोन तास गेले.

सगळ्यात आधी मी नेटवर्कवर आळ घेतला. बूट होताना नेटवर्क उशिरा येतं आणि सर्व्हिसा आधीच धावत सुटतात, हे दुखणं खरंच असतं, त्यामुळे युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते यात लिहिलेलं असतं) मोठ्या ऐटीत 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' दोन्हीपुढे नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट लिहिलं, म्हणजे नेटवर्क आल्यावरच सुरू हो, रीस्टार्ट केलं, परत लाल. वर सिस्टमडीने शांतपणे सांगितलं की फाइल बदललीये, आधी डीमन-रीलोड करा. केलं. परत लाल. नेटवर्क तासाभरापासून चालूच आहे, मग आत्ताच्या रीस्टार्टला ते कसं आडवं येईल, हा साधा प्रश्न साडेदहा वाजता डोक्यात आला. तोपर्यंत मी राउटरसुद्धा बंद-चालू करून आतल्या खोलीतून शिव्या खाल्ल्या होत्या.

शेवटी जे नऊ वाजताच करायला हवं होतं ते केलं. जर्नलसीटीएल मारून सिस्टमडीची नोंदवही उघडली, या बूटपुरतं आणि या सर्व्हिसपुरतं, आणि अगदी वर गेलो. तिथे पायथनचा तो लांबलचक विलाप आणि शेवटच्या ओळीत 'परमिशन डिनाइड', पुढे पत्ता, स्लॅश रन स्लॅश फोटो. माझा प्रोग्रॅम तिथे एक पिड फाइल (चालू प्रोग्रॅमचा नंबर लिहिलेली) ठेवतो, फोल्डर नसेल तर आधी तोही बनवायला जातो. स्लॅश रन हे रूटचं राज्य आणि सर्व्हिस चालते बिचाऱ्या साध्या युजरच्या नावाने, तिला कोण फोल्डर बनवू देणार! सुडो लावून मी चालवलं की मात्र मी रूट, सगळे दरवाजे उघडे. आता अडाण्यासारखं ७७७ मारून, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देऊन, झोपावं असं एकदा वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मग २३१ दिवस कशी काय चालली? हिस्टरीमध्ये, म्हणजे आधी मारलेल्या कमांडच्या यादीत, शोधलं. सापडलं. फोल्डर बनवायची एमकेडिर, स्लॅश रन स्लॅश फोटो, आणि त्याच्याच खाली मालक बदलायची चोन. दोन्ही कमांड माझ्याच. सर्व्हिस पहिल्यांदा लावली त्या दिवशी हाच एरर आला असणार, मी हाताने फोल्डर बनवला असणार, त्या युजरच्या नावावर केला असणार आणि 'झालं' म्हणून उठलो असणार. स्लॅश रन असतं मेमरीत, रीबूट झालं की पाटी कोरी. म्हणजे सर्व्हिस त्याच दिवशी मोडलेली होती, फक्त मी रीबूट करत नव्हतो म्हणून कळलं नाही. आणि तेच न करणं मी जगाला कौतुकाने सांगत होतो.

युनिट फाइलमध्ये एक ओळ टाकली, 'रनटाइम डिरेक्टरी', पुढे फोल्डरचं नाव. आता दर स्टार्टला सिस्टमडीच फोल्डर बनवतो आणि सर्व्हिसच्या युजरच्या ताब्यात देतो. रीबूट. हिरवं टिंब. विश्वास बसेना म्हणून अजून एक रीबूट. हिरवं.

आत गेलो तर बायको जागीच होती.

"काय झालं होतं एवढं?"

"एक फोल्डर नव्हता."

"मग बनवायचा ना!"