चालू गाडीत बॅटरीची वायर काढू नका

नाशिकच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय: गाडी चालू करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा; इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) ठीक, बंद पडलं तर गेला. कार्बोरेटरच्या जमान्यात हे खपून जायचं. आजच्या गाडीत हा उद्योग करू नका.

बॅटरी अल्टरनेटरच्या व्होल्टेजची चढउतार सावरून धरते. चालू गाडीत ती अचानक सुटली की क्षणभर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळू शकतं. त्यात ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) किंवा अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. म्हणजे चांगला अल्टरनेटर तपासता तपासता बिघडवायचा! शिवाय इंजिन चालू राहिलं म्हणून चार्जिंग पुरेसं आहे, असंही सिद्ध होत नाही.

त्याऐवजी व्होल्टेज मोजायचा साधा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत चांगली भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. गाडी चालू केल्यावर टर्मिनलवर 13.8 ते 14.5 यायला हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही 13 च्या वर टिकले पाहिजेत. 15 च्या पुढे गेले तर रेग्युलेटरवर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) संशय घ्या. काही नव्या गाड्या मात्र इंधन वाचवायला मुद्दाम चार्जिंग कमी करतात, तिथे एकाच आकड्यावरून निकाल देऊ नका.

आणि अल्टरनेटर बदलण्याआधी तो फिरवणारा बेल्ट सैल आहे का, टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर साचलाय का, हे बघा. डिसेंबरच्या थंडीत सकाळी स्टार्टर कुरकुरला, तर बऱ्याचदा बॅटरीच म्हातारी झालेली असते.