सगळ्यात आवडलेला पिक्चर कन्नड निघाला, काय करू?

गेल्या वर्षा-दीड वर्षात बघितलेल्यांपैकी सगळ्यात आवडलेला पिक्चर कुठला, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'सु फ्रॉम सो'. कन्नड. बेळगावात राहून, मराठी शाळेत शिकून हे मराठीत लिहायचं म्हणजे दोन्हीकडून टोमणे ठरलेले. एकजण म्हणणार, 'आपले पिक्चर दिसत नाहीत होय तुला?' दुसरा म्हणणार, 'बघ, शेवटी आमचंच आवडलं की नाही!' दोघांनीही आधी शेवटपर्यंत वाचा, मग भांडूया.

२०२५ च्या जुलैत आलेला हा पिक्चर जे. पी. तुमिनाड यांचा. लिहिलाय त्यांनी, दिग्दर्शन त्यांचं, आणि मुख्य काम पण त्यांचंच. मंगळूरकडचं एक खेडं. एक पोरगा नको ते करताना सापडायच्या बेतात येतो आणि सुटका म्हणून अंगात आल्याचं सोंग घेतो. गाव ठरवून टाकतं की याला सोमेश्वरच्या सुलोचनेनं धरलंय. झालं, तेच पिक्चरचं नाव. पुढं सगळं गाव त्या खोट्या भुताच्या मागं. राज बी. शेट्टी यांचा गुरुजी भूत उतरवायला येतो तेव्हा मी हसून हसून बेजार. आणि ते लग्न न झालेले रविअण्णा! गावात काहीही झालं की 'अण्णाला बोलवा'. आमच्या वडगावात, शहापुरात प्रत्येक गल्लीत असा एक अण्णा आहे. गणपतीची वर्गणी त्याच्याकडं, दवाखान्यात रात्री जायला तोच, आणि त्याला स्वतःला काय होतंय ते कुणी विचारत नाही. हसवता हसवता पिक्चर एका बाईला होणाऱ्या जाचाकडं वळतो आणि तरी भाषण देत नाही, हे मला जास्त आवडलं.

यात एक गंमत आहे. त्यातलं कन्नड आमच्याकडचं नव्हे. आमच्या शेजारच्या अव्वांना, म्हणजे कन्नड आजींना, ज्यांचं माहेर गोकाककडं, पहिली दहा मिनिटं तो हेल झेपेना. 'हे काय पुस्तक वाचल्यासारखं बोलालेत,' म्हणाल्या. तरी शेवटपर्यंत हलल्या नाहीत. पिक्चरवाल्यांनी बेंगळूरच्या प्रेक्षकासाठी भाषा धुऊन घेतली नाही, आणि तरी तो सगळीकडं चालला.

मराठी 'दशावतार'चंही तेच. मालवणी बोलणारा बाबुली मेस्त्री, आणि तो उभा करणारे, तेव्हा ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर. या वयात माणूस एवढा राबतो, आणि आपण दोन जिने चढून पंख्याखाली बसतो. मध्यंतरापर्यंत मी खुर्चीच्या टोकावर होते. नाटकाची रात्र, रंग लावणं, बाप-लेकाचं बोलणं, सगळं खरं वाटतं. नंतर मात्र सूडाचा पिक्चर होतो, व्हिलन एकदम कागदी होतात आणि खाणीचा प्रश्न घोषणेसारखा येतो. तरी बघा. खानापूर तालुक्यातल्या माणसाला तर तो जास्तच लागेल. कणकुंबीकडची म्हादई, भीमगडचं जंगल, आत राहणारी गावं, 'इथं राहू का उठू' हा प्रश्न तिथं पडद्यावरचा नाही.

'कांतारा चॅप्टर १'बद्दल थोडक्यात सांगते. २०२२ चा पहिला 'कांतारा' मला पुष्कळ जवळचा. त्यात माणसं होती, डुकराची शिकार होती, आईचा ओरडा होता. या खेपेला राजे, लढाया आणि धूर. रुक्मिणी वसंत छान. ऋषभ शेट्टींच्या अंगात येतं तेव्हा आजही काटा येतो, पण मधला दीड तास मी घड्याळ बघत होते.

'छावा'वर काही लिहू नये असं नवरा म्हणाला, म्हणून दोनच ओळी. विकी कौशलनं जीव ओतलाय, आणि अक्षय खन्नाचा औरंगजेब कमी बोलून जास्त भीती घालतो. पण सतत मोठ्यानं ओरडलं म्हणजे शौर्य होत नाही. आणि येसूबाईंना थोडं आणखी काम द्यायला हवं होतं. येसूबाई झालेली रश्मिका आमच्या राज्यातली, कोडगूची, म्हणून नव्हे!

आता मालिकांकडं येते. खरं रामायण तिथंच आहे.

आमच्या घरात संध्याकाळी सातनंतर रिमोट सासूबाईंचा. शेजारी अव्वांच्या घरात अव्वांचा. सासूबाई 'लाखात एक आमचा दादा' बघायच्या, अव्वा 'अण्णय्या'. एक झी मराठीवर, एक झी कन्नडवर, दोन्ही २०२४ मध्ये महिन्याभराच्या फरकानं सुरू झालेल्या. चार बहिणींना सांभाळणारा भाऊ, त्यांची लग्नं, त्याचं स्वतःचं लग्न. दोन्हींचं मूळ तमिळ 'अण्णा'. दुपारी कट्ट्यावर बसून दोघी हिशोब जुळवायच्या.

'तुमच्यातला दादा लई रडतोय बघा,' अव्वा म्हणायच्या, 'आमच्यातला जरा बरा.'

'रडणारच की ओ,' सासूबाई, 'चार बहिणी हायत, हुंडा कुठनं आणणार?'

हे नवीन नाही. 'तुझ्यात जीव रंगला' कन्नडमध्ये 'जोडी हक्की' झाली. 'सैराट' २०१७ मध्ये 'मनसु मल्लिगे' झाला, त्यात पण रिंकू राजगुरूच. आम्ही बेळगाववाले 'सैराट' आधीच मराठीत बघून रडून मोकळे झालो होतो, दुसऱ्यांदा कशाला रडू? रिमेक करू नयेत असं माझं म्हणणं नाही. पण रिमेकमध्ये गाव बदललं तरी गावातलं काही बदलत नाही. वाडा तोच, देवीच्या जत्रेतला गोंधळ तोच, पाटलाची मिशी तेवढी नवीन चिकटवतात. म्हणून तर दोघी म्हाताऱ्यांना एकमेकींची मालिका बघितल्याशिवाय कळायची.

'बिग बॉस'ला मी नाकं मुरडायची. पण एक गोष्ट बघा. २०२४ मध्ये मराठीत सूरज चव्हाण जिंकला, बारामतीकडच्या खेड्यातला. २०२५ च्या जानेवारीत कन्नडमध्ये हनुमंत जिंकला, हावेरीकडचा गाणारा पोरगा, तोही वाइल्ड कार्डनं आत गेलेला. हनुमंत बोलायला लागला की आमच्या गल्लीतला वाटायचा. उत्तर कर्नाटकातलं बोलणं कन्नड पिक्चरमध्ये कुणाच्या तोंडी असतं? लॉरी ड्रायव्हर, वॉचमन, नाहीतर मारामारीत पहिला पडणारा. इथं तोच हेल घेऊन एकजण महिनोन् महिने घरात राहिला आणि ट्रॉफी घेऊन बाहेर आला. अव्वा त्या रात्री पेढे वाटायच्याच बाकी होत्या. सूरजचं पुढं 'झापुक झुपूक' आलं, केदार शिंदेंचं. 'बाईपण भारी देवा' करणारा माणूस हा, म्हणून आशेनं बघायला बसले. पोराची अडखळणारी, खरी भाषा हीच त्याची ताकद, ती सोडून त्याला हिरो करायला गेले. मला नाही झेपला.

'पंचायत' या हिंदी वेब सिरीजचा चौथा सीझन दुधी आणि प्रेशर कुकरच्या निवडणुकीत अडकला. पहिल्या सीझनमध्ये सचिवजी कंटाळलेले असायचे आणि आपण नाही. आता उलटं झालंय.

तर आमचं काय? मंगळूरला मिळालं, मालवणला मिळालं, कोल्हापूरला तर मालिकांनी पार पिळून घेतलं. बेळगावी मराठी पडद्यावर आली की समजायचं आता विनोद येणार. पु.लं.नी रावसाहेब लिहिले ते प्रेमानं लिहिले, रिट्झ थिएटरवाला माणूस, शिव्या देत देत जीव लावणारा. त्यानंतर कितीजणांनी नुसता तो हेल उचलला आणि माणूस तिथंच ठेवला. 'काय करालास गा' म्हणायला लावलं की बेळगाव झालं! आणि विनोद नसला तर मग एकदम सीमाप्रश्न, मोर्चा, दगड, पाटी. आमच्या जन्माच्या आधीपासून तो प्रश्न आहे, नाही कोण म्हणतंय? पण घरात आम्ही रोज दुधावरून, पाण्यावरून, पोरांच्या ट्यूशनवरून पण भांडतो, आणि ते दोन भाषांत भांडतो. बाजारात कन्नडमध्ये भाव करायचा, हिशोब मराठीत मनात करायचा. सून कन्नड, सासू मराठी, नातू इंग्लिश मीडियम. यात पिक्चर नाही?

खानापूरच्या जंगलातलं एखादं मराठी बोलणारं गाव घ्या, गोव्याला कामाला गेलेली पोरं घ्या, कन्नडमधून आलेली नोटीस वाचून दाखवायला कुणाला तरी शोधणारा म्हातारा घ्या. आणि कृपा करून पुण्याहून हिरो आणून त्याला आठ दिवसांत आमची भाषा शिकवू नका. इथं नाटकाच्या स्पर्धा गाजवणारे पुष्कळ आहेत.

फक्त तो पिक्चर इथल्या थिएटरला जरा धड वेळेला लावा. मराठी पिक्चरला आमच्याकडं बहुतेक वेळा एखादा शो, तोही दुपारी, बायकांचं जेवणखाण आवरायच्या वेळेला. पुढच्या शुक्रवारी गायब. मग कोल्हापूर गाठा. कर्नाटक सरकारनं तिकिटाला २०० रुपयांची मर्यादा घातली होती, तेव्हा मी खूश झाले होते. तिला हायकोर्टात स्थगिती मिळाली. घरातले चौघं, वर पॉपकॉर्न, आणि नवऱ्याचा चेहरा. हिशोब तुम्हीच करा.

'सु फ्रॉम सो' घरी सबटायटल लावून बघता येतो. बघून झाला की सांगा, रविअण्णासारखा तुमच्या गल्लीत कोण आहे ते. नाव नको, नाहीतर तो वर्गणी मागायला येईल.