एफटीपी ‘नुसतं जोडून द्या’ म्हणे

दर वेळी तेच. बिलिंगचा प्रोग्रॅम नीट चालू असतो आणि मग कोणीतरी म्हणतं, रोजचा बॅकअप एफटीपीने, म्हणजे फाइली पाठवायच्या त्या जुन्या प्रोटोकॉलने, सर्व्हरवर जाऊ दे ना, लायब्ररीत कंपोनंट (कोडचा तयार तुकडा) आहेच, फॉर्मवर टाकला की झालं, दोन तासांचं काम. अरे कसले दोन तास! एफटीपीच्या ठरलेल्या पोर्ट २१ वर लॉगिन व्यवस्थित होतं आणि फाइल पाठवायला गेलं की लटकतं, कारण एफटीपीला डेटासाठी वेगळं कनेक्शन लागतं, अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये सर्व्हरच उलटा आपल्या मशीनकडे येतो आणि फायरवॉल त्याला दारातच अडवते. पॅसिव्ह मोड केला, म्हणजे तेही कनेक्शन आपणच करायचं ठरवलं, तर कधीकधी सर्व्हर स्वतःच्या आतल्या नेटवर्कचा १९२.१६८ वाला पत्ता देतो, तिथे बाहेरून पोचणार कसं? एफटीपीचं स्पेसिफिकेशन, आरएफसी ९५९, आहे १९८५ चं, तेव्हा घरोघरी राउटर नव्हते, मान्य, पण आज निस्तरायचं आम्हीच.

त्यात फाइल पाठवणारा फंक्शन कॉल ब्लॉकिंग, काम संपेपर्यंत पुढे जाऊच देत नाही. स्क्रीन सांभाळणाऱ्या मेन थ्रेडमध्ये ठेवला की विंडो गोठते, काउंटरवरच्या ताई वैतागून प्रोग्रॅम बंद करतात, सर्व्हरवर अर्धवट फाइल पडून राहते आणि नाव तेच असल्यामुळे कालचा चांगला बॅकअपही गेला. म्हणून वेगळा थ्रेड, आधी तात्पुरतं नाव, पूर्ण गेल्यावर रिनेम, साइज तपासणी. झिप फाइल एस्की मोडमध्ये, म्हणजे साधा मजकूर समजून, गेली तर लाइन एंडिंग बदलून ती उघडतच नाही, हे वेगळंच.

एवढं करून झाल्यावर फोन येतो, ‘आम्हाला एसएफटीपी हवं होतं.’ अहो, ते एसएसएचवर, म्हणजे एन्क्रिप्टेड कनेक्शनवर, चालतं, पोर्ट २२, पूर्ण वेगळा प्रोटोकॉल, हा कंपोनंट तिथे चालतच नाही!! आधी विचारलं होतं ना मी, दोनदा.