जॅझचं सोवळं

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर जॅझवरून रण माजलं आहे. पुण्याच्या भाचीने लेवे या गायिकेचं ‘फ्रॉम द स्टार्ट’ हे गाणं टाकलं आणि खाली लिहिलं, ‘हिने जॅझ वाचवला!’ त्यावर मिरजेहून नानामामा: ‘याला जॅझ म्हणायचं तर आमच्याकडचा लग्नाचा बँडही जॅझच.’ मग सगळेच सरसावले. कुणाला आवाज घोगरा वाटला, कुणाला ती गातेय की पुटपुटतेय तेच कळेना. चुलतभावाने ‘सोलो कुठाय?’, म्हणजे एकट्या वादकाने मनाने वाजवायचा तुकडा कुठाय, एवढंच विचारलं. हा मनुष्य आयुष्यात जॅझच्या कार्यक्रमाला गेलेला नाही. मी दोन ओळी खरडल्या, तर मामांचं उत्तर आलं, ‘तुम्हा तिकडच्या लोकांना काय, सगळंच छान.’

हे ‘तिकडचे लोक’ मला झोंबलं.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. लेवे आइसलँडची. आई चिनी, तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणारी. आईचे वडील लिन याओजी म्हणजे बेजिंगमधले व्हायोलिनचे मोठे गुरू. ही स्वतः चेलो वाजवते. इथे बॉस्टनला बर्कली या संगीताच्या कॉलेजात शिकत असताना २०२० मध्ये तिने पहिलं गाणं आपलं आपणच काढलं, पाठीशी कुणी बडी रेकॉर्ड कंपनी नव्हती. २०२३ च्या ‘बिविच्ड’ला पुढच्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं, तेही पारंपरिक पॉप गायनाच्या विभागात. ग्रॅमीवाल्यांनीच खण ठरवून दिलेला असताना मामा आणि भाची भांडतायत कशावर, देव जाणे.

मामांचा मुद्दा अगदीच टाकाऊ आहे असंही नाही. गाण्याला बोसा नोव्हाची, म्हणजे ब्राझीलकडची लय आहे, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) भरीव, सातवा-नववा सूर घेतलेले. मध्ये थोडं स्कॅटही येतं, आपल्या तराण्यासारखं, अर्थाची फिकीर न करणारं. पण चाल पक्की बांधलेली, वाद्यांचे तुकडे आधी लिहिलेले. तिथल्या तिथे सुचेल ते वाजवायला कुणाला फारशी जागा नाही, आणि जॅझचा जीव त्या जागेत असतो. एवढं मलाही कळतं. इथेही हा वाद झालाच. अॅडम नीली नावाच्या बासवादकाने ‘लेवे जॅझ आहे का’ यावर अख्खा व्हिडिओ केला. पण तो गाणं उलगडत उलगडत बोलतो. आमच्याकडे निकाल आधी आणि ऐकणं नंतर, तेही फोनच्या स्पीकरवर, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना.

आणि मिरजेच्या माणसाने सोवळं नेसावं, याची तर मला गंमतच वाटते. मामा दरवर्षी दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीचं गाणं ऐकायला रात्र जागवतात. त्याच खाँसाहेबांनी ‘मानापमान’मधलं ‘चंद्रिका ही जणू’ तबकडीवर गाऊन ठेवलंय. किराणा घराण्याचा बादशहा, नाटकाचं पद, तीन-साडेतीन मिनिटांत खेळ खलास. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर रंगभूमीवर उभ्या राहिल्या, भावगीतंही गायल्या. मामांकडे या सगळ्याच्या कॅसेट आहेत. त्या लावताना हे कुठल्या खणात बसतं असं त्यांनी कधी विचारलेलं मला आठवत नाही. डोळे मिटून मांडीवर ताल धरतात, बस्स.

बरं, जॅझ आपल्याला परका असता तर एक वेळ समजलं असतं. लग्नाच्या वरातीत मामा ‘शोला जो भडके’वर नाचलेले मी लहानपणी पाहिलेत. ते ज्यातलं तो ‘अलबेला’ सिनेमा १९५१ चा, संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं. हा माणूस पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेला. त्याच्यासोबत ट्रम्पेटला गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, ज्याला मुंबईची हॉटेलं चिक चॉकलेट म्हणून ओळखत. ‘अलबेला’त तो पडद्यावरही दिसतो. ते गाणं जॅझ आहे की जॅझसारखं, यावर आमच्या घरात कधी चकार शब्द निघाला नाही. आपल्या माणसाने उसनं आणलं की ती प्रतिभा, आइसलँडच्या पोरीने आणलं की नक्कल. हे मी ग्रुपवर लिहिलं. एक अंगठा आला, तोही आत्याचा, बहुधा चुकून.

इथे बॉस्टनच्या मॅस अॅव्ह या रस्त्यावर वॉलीज आहे. बार्बेडोसहून आलेल्या जोसेफ वॉलकॉटने १९४७ मध्ये सुरू केलेला क्लब. जागा बोळाएवढी. दाराशी सॅक्सोफोनच्या पेट्या घेऊन पोरं ताटकळलेली, बरीचशी बर्कलीची. मागे गेले तेव्हा ट्रम्पेटवाली एक बारकी मुलगी सोलोत एक ठोका चुकली. ड्रमवाल्याने तो घसरलेला ठोकाच उचलला आणि मुद्दाम दोनदा वाजवला. ती हसली आणि त्या चुकीवरूनच पुढे निघाली. नंतर बाहेर थंडीत उभ्या असलेल्या एका पोराला मी लेवेबद्दल विचारलं. खांदे उडवून म्हणाला, वाजवणाऱ्यांना पैसे देते ना, मग झालं. घ्या, इथे कुणाला सोवळं सुचत नाही, असं लिहायला मी मोकळी झाले.

पण घरी मी ट्रम्पेट लावत नाही. बाहेर चार वाजता अंधार पडतो, मी पोळ्या लाटत असते आणि लेवे चालू असते. ती ज्या अमेरिकेच्या आठवणीत गाते ती चाळीस-पन्नासच्या दशकातली, तिनेही न पाहिलेली, मीही न पाहिलेली. त्या अमेरिकेत माझं कुणीच नव्हतं, म्हणून तिथे मला कुणी ‘मूळची कुठली?’ विचारत नाही. ऑफिसात संगीताचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे वळून सतारीचं विचारतात. मीही मिरजेच्या सतारमेकर गल्लीचं, भोपळ्यांचं, तारांचं असं काही वर्णन करते की ऐकत राहावं. सतार मी कधी हातात धरलेली नाही. आणि ज्या मिरजेची मी फुशारकी मारते, तिथे गेलं की रिक्षावालासुद्धा माझ्याशी हिंदीत बोलतो. मामांना मी हे कशाला सांगू? त्यांना आयतंच मिळेल.

काल भाचीलाही सुनावलं. म्हटलं, जॅझ वाचवायचा असेल तर मुंबईत कुणी वाजवत असेल तिथे तिकीट काढून जा, फोनवर बदाम टाकून काही वाचत नसतं. तिने लगेच विचारलं, ‘मावशी, तू किती वेळा जातेस गं त्या वॉलीजला?’

भारतातून पाहुणे आले की. त्यांना दाखवायला.