तकाफुलमध्ये पैसे ‘परत मिळतात’? आपाला आलेल्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात चिपळूणहून आपाचा फोन आला. “ह्यांच्या पॉलिसीचा हप्ता या वर्षी भरत नाही. विमा हराम आहे. तकाफुल घेऊ, त्यात पैसेही परत मिळतात.” तकाफुल म्हणजे इस्लामी नियमांवर बेतलेला सामाईक विमा. हप्त्याची तारीख उलटून तीन आठवडे झाले होते. भावजी कुवेतला, वय ४७, दोन वर्षांपासून डायबेटिसच्या गोळ्या चालू. पॉलिसी आठ वर्षांपूर्वीची, ५० लाखांची टर्म, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारी. दोन लेकरं शिकतायत. आणि हा निर्णय एका मेसेजवर!

मेसेज लांबलचक आहे, त्याचा सारांश असा: साधा विमा म्हणजे जुगार, त्यातला सगळा नफा कंपनी खाते. तकाफुलमध्ये भरलेला पै न् पै परत मिळतो. तकाफुल क्लेम कधीच नाकारत नाही. ते फक्त मुसलमानांसाठी आहे. भारतातही ते सुरू झालंय, खालच्या नंबरवर नाव नोंदवा आणि जुनी पॉलिसी बंद करा.

मी अकरा वर्षं रियाधमध्ये एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात होतो. तकाफुलवर माझा राग नाही, उलट ती कल्पना मला मनापासून पटते. म्हणूनच तिच्या नावावर चाललेला हा खोटेपणा सहन होत नाही.

सगळ्यात आधी ‘पै न् पै परत’ हा मुद्दा, कारण आपा त्यालाच भुलली.

तकाफुल म्हणजे एकमेकांची हमी घेणं. सभासद एका सामाईक फंडात पैसे टाकतात, ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून मदत मिळते. हे पैसे टाकण्याला तबर्रु म्हणतात, म्हणजे ऐच्छिक दान. सगळी इमारत या एका शब्दावर उभी आहे. नेहमीच्या विम्यावर फिकहचा, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचा, मोठा आक्षेप ‘गरर’चा आहे: मी ठरावीक रक्कम देतो, पण बदल्यात मला काय मिळेल, कधी मिळेल, मिळेल की नाही, हे सौद्याच्या वेळी ठाऊक नसतं. खरेदी-विक्रीत एवढी अनिश्चितता चालत नाही. दानात चालते, कारण दान देणारा बदल्यात काही विकत घेत नसतो. म्हणजे ज्या गोष्टीमुळे तकाफुल हलाल ठरतं, तीच गोष्ट हा मेसेज पुसून टाकतो. दान दिलं आणि ते पुरतं परत मिळण्याची हमीही घेतली, तर ते दान राहिलं कुठे?

प्रत्यक्षात काय होतं? समजा, तुम्ही वर्षाला १०,००० भरले. तकाफुल चालवणारी कंपनी सभासदांची वकील, म्हणजे प्रतिनिधी, म्हणून काम करते आणि त्याची फी घेते, तिला वकाला म्हणतात. ती ३० टक्के धरली, तर ३,००० आधीच गेले. उरलेल्या ७,००० मधून सगळ्यांचे क्लेम भागवायचे. वर्षाअखेरी शिल्लक राहिली तर नियमांप्रमाणे तुमच्या वाट्याला थोडी येऊ शकते. क्लेम जास्त आले तर काहीच येत नाही. फंड तोट्यात गेला तर कंपनी बिनव्याजी कर्ज देते, कर्ज-ए-हसना, आणि तेही पुढच्या वर्षांच्या शिल्लकीतून फेडून घेते. फॅमिली तकाफुलमध्ये, म्हणजे जीवन विम्याच्या जागी असलेल्या तकाफुलमध्ये, बचतीचं वेगळं खातं असतं, त्यातली रक्कम तुमची असते हे खरं. पण तिथेही गुंतवणूक वर-खाली होते.

आता ‘सगळा नफा कंपनी खाते’. इथे मला सौदीचंच उदाहरण द्यायचंय, कारण मेसेजमध्ये ‘सौदीसारखं’ असं लिहिलंय. सौदीत २००३ साली सहकारी, म्हणजे तकाफुलच्याच धर्तीच्या, विमा कंपन्यांचा कायदा आला. त्याखालच्या नियमावलीने विमा व्यवहारातल्या शिल्लकीची वाटणी ठरवली: १० टक्के विमाधारकांना, ९० टक्के भागधारकांना. उलटं वाचलं नाहीत ना? विमाधारकांना १०. आमच्या ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक माणूस हा आकडा पुन्हा पुन्हा विचारायचा.

आणि इकडे, ज्या एलआयसीला हे ‘नफाखोर’ म्हणतात, तिच्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम २८ ने वाटपाच्या शिल्लकीतला किमान ९५ टक्के हिस्सा पॉलिसीधारकांसाठी राखला होता. कंपनी शेअर बाजारात आणताना ही विभागणी बदलली, आणि ती नफ्यात सहभाग असलेल्या पॉलिसींपुरतीच आहे. भावजींच्या टर्म पॉलिसीला त्यातलं काही मिळत नाही, हेही सांगतो. पण नुसत्या नावावरून कोण किती खातं हे कळत नाही. मुंबईत १८७० साली निघालेली बॉम्बे म्युच्युअल विमाधारकांच्याच मालकीची होती, तिला कोणी तकाफुल म्हटलं नव्हतं.

जुगाराचा मुद्दा. इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे आणि ते मला मान्य करावंच लागतं. जेद्दाहच्या इस्लामिक फिकह अकादमीने डिसेंबर १९८५ मध्ये ठराव क्रमांक ९ केला. ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा हा मोठ्या गररचा करार आहे, म्हणून निषिद्ध. त्याला पर्याय म्हणजे तबर्रु आणि सहकार्यावर उभा असलेला विमा, असं त्यात आहे. तो ठराव मी टाळणार नाही. विम्याला जुगार म्हणणारे उलमाही, म्हणजे धर्मपंडितही, आहेत. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध आहे, त्यावरून घेतलेला आक्षेपही खोटा नाही, आपल्या विमा कंपन्यांचा बराच पैसा सरकारी रोख्यांत असतो. पण सीरियाचे मुस्तफा झरका यांच्यासारखे मोठे फकीह (इस्लामी कायद्याचे जाणकार) नेहमीचा विमाही जायज मानत होते. म्हणजे हा मतभेदाचा विषय आहे, आणि मतभेदाच्या विषयात आपल्या आलिमला विचारायचं असतं. विचारताना घरची परिस्थितीही सांगायची असते. जुगारी माणूस नसलेला धोका पैशासाठी ओढवून घेतो. कुवेतच्या उन्हात मचाणावर चढणाऱ्या भावजींचा धोका पॉलिसी घेण्याआधीही होता.

‘क्लेम कधीच नाकारत नाही.’ हे मी स्वतःच्या हाताने खोटं ठरवलंय. आजार लपवलेले, मुदत संपल्यावर आलेले, अटीत न बसणारे क्लेम आम्ही नाकारले आहेत. नाकारायलाच हवे होते, कारण फंड बाकीच्या सभासदांचा असतो. उलट भावजींच्या भारतातल्या पॉलिसीला विमा कायद्याच्या कलम ४५ चं संरक्षण आहे: तीन वर्षं उलटल्यावर जीवन विमा पॉलिसीवर कंपनीला कुठल्याही कारणाने प्रश्न उभा करता येत नाही. त्यांची आठ वर्षं झाली. हे संरक्षण आपा सोडून देणार होती. ४७ व्या वर्षी, साखर असताना, नवीन पॉलिसी कोणत्या भावाने मिळेल, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला नाही.

‘फक्त मुसलमानांसाठी’ हे चूक. मलेशियात १९८४ पासून तकाफुलचा कायदा आहे आणि तिथे बिगरमुस्लिमही ते घेतात.

राहिला तो फोन नंबर. भारतात विमा विकायला आयआरडीएआय या विमा नियामकाची नोंदणी लागते, आणि तकाफुलची कंपनी म्हणून तिथे कोणाचीच नोंदणी नाही. ‘हलाल’ शब्दावर विश्वास ठेवून बेंगळुरूच्या आयएमए या गुंतवणूक कंपनीत पैसे टाकलेली हजारो कुटुंबं २०१९ च्या जूनमध्ये दुकानाच्या बंद शटरसमोर रडत उभी होती. त्यांत आपासारख्या बाया किती होत्या!

हप्ता मी परवा भरला, ३० दिवसांच्या सवलतीतले सहा दिवस उरले असताना. मग त्या नंबरवर नोंदणी क्रमांक विचारला. मला अजून उत्तर नाही. आपाला मात्र काल त्यांचा फोन आला: पहिलं योगदान कधी पाठवताय?