थर्मोस्टॅट काढून जुनी गाडी थंड होत नाही

उन्हाळा तोंडावर आला की एक मेसेज फिरू लागतो. मारुती 800, झेन, सँट्रो, इंडिका अशी जुनी गाडी तापत असेल तर काय करावं, याचे चार सोपे उपाय त्यात असतात. थर्मोस्टॅट (इंजिनाचं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका, तो थंड देशांसाठी असतो. कुलंटवर पैसे घालवू नका, साधं पाणी चालतं. पंखा डायरेक्ट करून घ्या, म्हणजे स्विच वगळून तो कायम चालू राहील असा जोडा. आणि रस्त्यात गाडी तापलीच, तर रेडिएटरचं झाकण उघडून लगेच गार पाणी ओता.

शेवटच्या उपायाने माणूस भाजतो, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंगचा वॉल्व्ह असतो आणि तो आतलं पाणी दाबाखाली ठेवतो. बऱ्याच झाकणांवर 0.9 असा आकडा छापलेला दिसतो (बाहेरच्या हवेपेक्षा 0.9 बार जास्त दाब). एवढ्या दाबाखाली साधं पाणी 100 ऐवजी साधारण 118 अंशांना उकळतं. म्हणजे तापलेल्या गाडीत 110 अंशांचं पाणी झाकणाच्या जोरावरच पाणी राहिलेलं असतं. झाकण फिरवलं की दाब जातो, त्या पाण्यातलं थोडं क्षणात वाफ होतं आणि उरलेलं उसळून हातावर, तोंडावर येतं. हातात ओलं फडकं धरल्याने हे टळत नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी 96 अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे घाट चढून आलेल्या गाडीचं झाकण उघडणं आणखी धोक्याचं.

गार पाण्याचंही तसंच. जुन्या गाड्यांपैकी अनेकींचा ब्लॉक (इंजिनाचा खालचा मुख्य भाग) बिडाचा आणि हेड (त्यावरचं झाकण) ॲल्युमिनियमचं असतं. तापलेल्या हेडमध्ये एकदम गार पाणी गेलं तर ते वाकतं, कधी चीर जाते. मग हेड उतरवणं, फेसिंग (हेड घासून सपाट करणं), नवी गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली पट्टी), असा खर्च होतो. तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे निघाला की एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा (हीटर म्हणजे इंजिनाची उष्णता बाहेर काढणारा छोटा रेडिएटरच) आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद करावं. वाफा दिसत असतील तर त्या ओसरेपर्यंत बॉनेटही उघडू नये. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हाताला गार आणि मऊ लागेपर्यंत, निदान अर्धा-पाऊण तास, झाकणाला हात लावायचा नाही.

आता थर्मोस्टॅट. ‘तो थंड देशांसाठी असतो’ हे ऐकायला पटतं, म्हणूनच ते इतकं पसरलं आहे. पण थर्मोस्टॅटला बाहेरच्या हवेचं तापमान कळतच नाही. त्याच्या आत मेण भरलेली डबी असते. भोवतीचं पाणी साधारण 82 ते 88 अंशांवर गेलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेर 45 अंश असले, तरी इंजिनाला हव्या असलेल्या तापमानापेक्षा ते 40 अंशांनी कमीच आहेत.

थर्मोस्टॅट काढला की इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो आणि मोकळ्या रस्त्यावर ते पुन्हा गार पडतं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल आणि ओलावा साठतो, पिस्टनच्या रिंगा झिजतात. काही इंजिनांमध्ये तर हाच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परत येतं आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

मेसेजला विरोध करणारे काहीजण म्हणतात की थर्मोस्टॅट नसला तर पाणी इतकं जोरात पळतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. हेही बरोबर नाही. बंद चक्रात तेच पाणी पुन्हा पुन्हा रेडिएटरमधून जातं; वेग वाढल्याने उष्णता कमी निघत नाही.

मेकॅनिक थर्मोस्टॅट का काढतात, हे मात्र समजण्यासारखं आहे. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी खरोखर काही किलोमीटरांत उकळते, आणि काढला की लगेच फरक दिसतो. पण त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की तो थर्मोस्टॅट खराब होता. तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने त्यात लटकवा, थर्मामीटर ठेवा आणि गॅस लावा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडला तर चांगला, नाहीतर नवा घाला.

‘साधं पाणी चालतं’ यात थोडं तथ्य आहे. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी कुलंटमधल्या ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस असतं. पण बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलं, की गिझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. कुलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, ती नसली की ब्लॉक आणि पाण्याच्या पंपाचं पातं आतून खाल्लं जातं. निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालतं. तयार मिश्रणाचा कॅन असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. जुनं कुलंट रस्त्यावर सोडू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री ते चाटतात आणि मरतात.

डायरेक्ट पंखा घरापर्यंत पोचायला ठीक आहे. कायमचा केला, तर स्विच, रिले की मोटर यांपैकी नेमकं काय गेलंय ते कधीच कळत नाही.

या चारही उपायांमध्ये गाडी केव्हा तापते, हा प्रश्नच नाही. निदानाची सुरुवात तिथून व्हायला हवी. सिग्नलला तापते आणि धावायला लागली की काटा उतरतो? मग पंखा, त्याचा स्विच, पंख्याभोवतीचं कव्हर बघा. साठच्या वेगाने जाताना हवा आपोआप मिळते, उभ्या गाडीला पंख्याशिवाय दुसरा आधार नसतो. उलट शहरात ठीक आणि हायवेवर किंवा खंबाटकीच्या चढावर तापते? मग रेडिएटर आतून चोंदला असेल, जाळीत चिखल बसला असेल, पंपाचं पातं झिजलं असेल किंवा खालचा होज मऊ पडून ओढीने चपटा होत असेल. घासणारे ब्रेक आणि इंजिनाच्या ठिणगीचं चुकलेलं टायमिंगही इथेच येतं. काटा अचानक खाली पडला तरी निर्धास्त होऊ नका; पाणी सेन्सरच्या खाली गेलं तर सेन्सरला फक्त हवा लागते आणि काटा खोटं सांगतो.

आणि कुठेही गळती नसताना पाणी कमी होत असेल, गार इंजिन सुरू करताच वरचा होज टणक होत असेल किंवा पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर संशय हेड गॅस्केटवर घ्या. रेडिएटरच्या तोंडाशी निळं द्रव भरलेली नळी लावून गॅरेजमध्ये याची चाचणी होते. ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर पेट्रोल गाडीत ते द्रव पिवळं पडतं. ही चाचणी हेड उतरवण्याआधी करून घ्या.