प्रेरणा हवी? मग बडोद्याबाहेर बघा

प्रेरणा लांब असते, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. कोपनहेगनच्या खुर्चीत ती असते, क्योतोच्या मातीच्या कपात असते, बर्लिनच्या बंद पडलेल्या कारखान्यात तर पोत्यांनी मिळते. बडोद्याच्या दांडिया बाजारात मात्र ती नसते. तिथे तुमचं घर आहे, कोपऱ्यावर तुम्हाला लहानपणापासून ओळखणारा इस्त्रीवाला आहे आणि ‘सध्या काय करतोस रे?’ असं जिन्यात गाठून विचारणारे शेजारी आहेत. अशा वस्तीत कुणाला कधी काही सुचलंय का?

समजा, तुमच्याकडे एक काम आलंय. काकांचं रावपुऱ्यात चिवड्याचं दुकान आहे आणि त्यांना लिल्या, म्हणजे ओल्या, चिवड्यासाठी नवं पाकीट हवंय. घराण्यात डिझाइन शिकलेले तुम्ही एकटेच. दिवाळीला तीन महिने अवकाश आहे. अडाणी माणूस अशा वेळी काय करील? दुकानात जाऊन बसेल, मूठभर चिवडा खाईल, गिऱ्हाईक पाकीट कसं उचलतं ते बघेल. तुम्ही असलं काही करायचं नाही. तुम्ही आधी मोबाइल उघडायचा.

पिंटरेस्टवर, म्हणजे आवडलेली चित्रं साठवायच्या त्या ॲपवर, नवा बोर्ड सुरू करा आणि त्याला ‘ओलावा’ असं नाव द्या. मग जपानी मिठायांची खोकी, स्वीडनमधल्या दुधाच्या पिशव्या, पोर्तुगालमधली सार्डिनची डबडी, जे आवडेल ते त्यात टाकत जा. महिनाभरात तुमची नजर अशी तयार होईल की भरपूर मोकळी जागा, कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं आणि साध्या वरणासारखा रंग यांखेरीज काहीही डोळ्यांना सोसणार नाही. आत चिवडा आहे की पायाला लावायचं मलम, हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये. कळलं, तर त्यात तुमचं काय राहिलं?

मध्येच काकांचा फोन येईल. ‘काका, रिसर्च चालू आहे,’ एवढं सांगून ठेवून द्या.

आता गावातल्या धोक्याच्या जागा. विश्वामित्रीच्या पुलाकडून जाताना कीर्तिमंदिर लागतं. आत पाऊल टाकू नका. सयाजीरावांनी पूर्वजांच्या स्मृतीसाठी बांधलेल्या त्या वास्तूत चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात भिंती रंगवल्या आहेत. गंगावतरण, मीराबाई, टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा आणि महाभारतातलं युद्ध. एकाच इमारतीच्या चार भिंतींसाठी हा मनुष्य शांतिनिकेतनहून इतकी वर्षं येत राहिला. ते बघून एखाद्याला घरी जाऊन काम करावंसं वाटू शकतं, आणि तसं झालं की तुमच्या शोधयात्रेचा निकालच लागला. तांबेकर वाड्याचंही तेच. एकोणिसाव्या शतकातल्या दिवाणांचा लाकडी वाडा, भिंतीभर कृष्णलीला आणि महाभारत, म्हणजे नजर फिरवावी तिथे रंग. पण तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. हे कारण उत्तम आहे. जन्मभर पुरतं.

इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सचं नाव मात्र जरूर घ्या, त्याशिवाय बडोदेकर असण्याला अर्थ नाही. नाव घ्यावं, पण त्या लोकांनी केलं काय हे शोधू नये. १९५० साली ही फॅकल्टी सुरू झाली आणि चित्रकला विभाग सांभाळायला आले ते इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे, म्हणजे आपलाच माणूस. एवढं सांगून थांबा. पुढे गेलात की भूपेन खख्खर आडवे येतात.

खख्खर हे काही अनुकरणीय उदाहरण नाही, हे मी आधीच बजावतो. शिक्षणानं चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ साली मुंबईहून बडोद्यात आले आणि पुढेही बरीच वर्षं अर्धवेळ हिशेबनिशी करत राहिले. खतावणी मिटून माणूस चित्र काढायला बसतो, याला काय म्हणावं? बरं, चित्रात काय, तर घड्याळ दुरुस्त करणारा. शिंपी. न्हावी. ज्यांच्याकडे आपण नुसते पैसे देऊन बाहेर पडतो ती माणसं त्यांनी सत्तरच्या दशकात मोठ्या कॅनव्हासवर, कॅलेंडरवरच्या चित्रासारख्या चकचकीत रंगांत बसवली. ना परदेशी खुर्ची, ना मोकळी जागा.

नसरीन मोहमदी तर आणखी अवघड. १९७२ पासून त्या इथे शिकवत होत्या. कागद, शाई, पेन्सिल, पट्टी, आणि रेघा. वर्षानुवर्षं रेघा. बहुतेक चित्रांना त्यांनी नावसुद्धा दिलं नाही. नाव नाही म्हणजे कन्सेप्ट नोट कशावर लिहायची? आजच्या एखाद्या ज्युरीपुढे असा अर्ज आला असता तर पहिल्याच फेरीत बाद झाला असता. पुढे २०१६ साली न्यूयॉर्कला मेट ब्रॉयर हे कलासंग्रहालय उघडलं तेव्हा सुरुवातीच्याच प्रदर्शनांत या रेघा होत्या, आणि त्याच वर्षी लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये खख्खरांचं मोठं प्रदर्शन झालं. यावरून सुज्ञानं काय घ्यावं? हेच की बडोद्यातलं काही बघायचं असेल तर लंडन-न्यूयॉर्कचं तिकीट काढावं.

कन्सेप्ट नोटचा विषय निघालाच आहे तर तीही लिहून टाका. पाकीट नंतर होईल. ‘हे काम आर्द्रता आणि स्मृती यांच्या सीमारेषेवर उभं राहून उपभोगाच्या अवकाशात हस्तक्षेप करतं’ अशी सुरुवात जमली की गाडी सुटली. काकूंना वाचून दाखवा. त्या ‘छान आहे हो’ म्हणतील. काकू सगळ्यालाच तसं म्हणतात, पण ते मनावर घेऊ नका.

प्रदर्शनाच्या ओपनिंगला जाणं हाही कामाचाच भाग. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे हातात चहाचा कागदी कप येतो. तो वाइनचा ग्लास धरल्यासारखा धरायचा, भिंतीकडे पाठ करायची आणि तोंडातलं खमण संपेपर्यंत गंभीर राहायचं.

एवढं करूनही काही सुचत नसेल तर डिझाइनच्या इतिहासात शिरा. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातून पुढे १९६१ साली अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था उभी राहिली. देशभर हिंडून आलेल्या या जोडप्याला सगळ्यात सुंदर वस्तू कुठली वाटली असेल? तांब्या. त्यांनी त्यावर प्रश्नांची रांगच लावली. पाणी किती मावावं, उचलणारा हात केवढा, डोक्यावरून न्यायचा की कमरेवर, रिकामा असताना कलंडतो का, ओतताना धार कशी पडते, खाली ठेवला की आवाज कसा येतो, किंमत किती. हे सगळं वाचून तुम्ही भारावून जा. अहवालातल्या तांब्याचा फोटो बोर्डवर टाका, खाली हृदय काढा. तुमच्या देवघरात तसलाच तांब्या आहे आणि आई तो दर गुरुवारी चिंचेनं घासते, त्याकडे लक्ष देऊ नका. ती मागून ‘जरा पाणी भरून आण रे’ म्हणाली तर हेडफोन लावा. आणि ते प्रश्न चिवड्याच्या पाकिटाला लावून बघण्याचा मोह तर कटाक्षानं टाळा. त्यांनी तांब्याविषयी लिहिलंय, पाकिटाविषयी नाही.

एवढ्यात नवरात्र येईल. गरबा आला म्हणजे रात्री गेल्या, आणि रात्री गेल्या की दिवसही गेलेच. मग एके दिवशी दुकानात पाहाल तर नवी पाकिटं दोरीला लटकलेली. काका वाट बघून कंटाळले आणि छापखान्यात गेले. तिथल्या माणसानं एकच गोष्ट विचारली, ‘काका, तेल छूटे छे?’ काका हो म्हणाले. त्यानं जुन्या पाकिटाच्या तळाशी असलेली पारदर्शक खिडकी वर सरकवली, खाली गडद हिरवा रंग भरला म्हणजे तेलकटपणा दिसू नये, मध्ये ‘लिला चिवडा’ रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढ्या अक्षरांत घातलं, वर बोटभर गणपती बसवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

खचून जाऊ नका. काकांकडून एक पाकीट मागून घ्या (फुकट, शेवटी रिसर्चचं मानधन कुणी दिलेलं नाही), खिडकीतल्या उन्हात पांढऱ्या कागदावर ठेवा, फोटो काढा आणि नव्या बोर्डवर टाका. आत्मविश्वासानं लिहा, ‘अनामिक लोकशैली, बडोदे.’ भरपूर लाइक येतील. छापखान्याचं नाव मात्र घालू नका. ते पाकिटाच्या मागे, किमतीच्या खाली, फोन नंबरासकट छापलेलं आहे, म्हणून पाकीट पालथं करायचं नाही.

आणि काका विचारतीलच, भाकरवडीच्या डब्याचं काम घेतोस का. लगेच हो म्हणा. होळीपर्यंतची मुदत मागा.